प्रोफाइल माझं, टॅग गावाचे

माझं आडनाव पाटील, आणि पहिलं नाव असं की सांगलीच्या स्टँडवर कुणी मोठ्यानं हाक मारली तर निदान चार जण मागं वळून बघतील. नोकरी बदलायची ठरल्यावर ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत हे नाव टाकून बघितलं, तर पहिल्या पानावर मी कुठंच नव्हतो. एक ग्रामपंचायत सदस्य होते, एक कबड्डीपटू, एक द्राक्षबागायतदार आणि मारामारीच्या गुन्ह्यात अटक झालेला एक जण. त्या शेवटच्याचं बातमीतलं वय माझ्या आसपासचंच. पुण्यातली कुणी एचआरची बाई माझा सीव्ही समोर ठेवून हेच नाव टाकणार. हा तो नव्हे, हे तिला कोण सांगणार?

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला होतो. गाड्यांची कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, आयएटीएफ या वाहनउद्योगातल्या दर्जाच्या मानकाचं इंटर्नल ऑडिट, कस्टमरच्या तक्रारी आणि त्यांचे ८डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारे, असं काम. पगार बरेच दिवस जागचा हलत नव्हता आणि वर सरकायला खुर्ची रिकामी नव्हती. नजर भोसरी-चाकणवर होती, नाहीतर जवळचं म्हणजे कागलची पंचतारांकित एमआयडीसी. हातातली नोकरी सांभाळून दुसरी शोधायची म्हणजे दोन उलटी कामं एकदम करायची असतात. बाहेरच्यांना दिसलं पाहिजे, आणि आपल्या कंपनीला दिसता कामा नये.

माझ्या चुलतभावाची बायको पुण्यात एका कन्सल्टन्सीत रिक्रूटर आहे. सुरुवात तिला फोन लावून केली. म्हटलं, वहिनी, तुम्ही लोक नक्की बघता काय?

"भाऊजी, शंभर सीव्ही आले तर शंभरांचं फेसबुक बघत बसायला आम्हाला वेळ असतो का? आधी लिंक्डइन. फोन लावला की ट्रूकॉलरवर नाव येतंच, ते बघायला लागत नाही, दिसतंच. जेडी, म्हणजे जागेची माहिती, व्हॉट्सॲपवर पाठवली की डीपी दिसतो. आणि शेवटी दोघं-तिघं उरले, त्यातला एक निवडायचा, तेव्हा कुणीतरी सहज फेसबुक उघडतो."

अमेरिकेतल्या करिअरबिल्डर या नोकरीच्या साइटनं २०१८ साली पाहणी केली होती. त्यात ७० टक्के कंपन्यांनी उमेदवारांचं सोशल मीडिया तपासतो असं सांगितलं होतं, आणि ४७ टक्क्यांनी तर उमेदवार ऑनलाइन सापडलाच नाही तर मुलाखतीला बोलावायची शक्यता कमी असं म्हटलं होतं. वहिनींना हे ऐकवलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडं फौंड्रीतला माणूस ऑनलाइन सापडला नाही तर आम्हाला काही वाटत नाही, सापडला आणि तारखा जुळल्या नाहीत तर मात्र वाटतं. हे वाक्य मी लिहून ठेवलं. त्याकडं पुढं येतो.

नावाचा प्रश्न मात्र आपल्या जुन्या पद्धतीनंच सुटला. दहावीच्या मार्कशीटवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं. तेच तिन्ही लिंक्डइनवर टाकलं, तेच सीव्हीवर, तेच नोकरी डॉट कॉमवर. तिन्ही नावं एकत्र टाकून शोधलं की तो कबड्डीपटूही गळतो आणि तो अटकेतलाही. शिवाय लिंक्डइनवर आपल्या प्रोफाइलचा पत्ता बदलता येतो. शेवटी आकड्यांची जी शेपटी असते ती काढून नावापुढं क्वालिटी हा शब्द घातला, आणि तो पत्ता सीव्हीच्या पहिल्या ओळीत फोननंबरशेजारी दिला. शोधणाऱ्याला आपण होऊन दार दाखवलं की तो सहसा दुसऱ्याच्या दारात जात नाही. शोध देवनागरीतही घेऊन बघावा, इंग्रजीतही, गावाचं नाव जोडूनही, आणि नुसता मोबाइल नंबर टाकूनही. माझा नंबर एका जुन्या क्रिकेट स्पर्धेच्या जाहिरातीत 'संपर्क' म्हणून सापडला. बक्षीस एक बोकड होतं. ते तसंच राहू दिलं.

ट्रूकॉलरवर मी 'पप्पू बुलेट' होतो. लोक आपला नंबर ज्या नावानं सेव्ह करतात, त्यावरून ते नाव तयार होतं, आपल्याला कुणी विचारत नाही. एका कन्सल्टंटनं मला फोनवर पहिल्यांदा "पप्पूजी बोल रहे हैं?" असं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, कारण खोटं तरी किती बोलणार. ॲप टाकून स्वतःच्या नंबरावर आपलं खरं नाव भरलं, आणि हे प्रकरण मिटलं. ज्यांना तिथं नावच नको असेल त्यांना नंबर यादीतून काढून घेता येतो, पण त्याआधी आपलं खातं बंद करावं लागतं.

व्हॉट्सॲपचं काम त्याहून सोपं. डीपीवर आमच्या मामांचा बैल होता. शर्यतीचा बैल आहे, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी कायम ठेवली त्या आठवड्यात लावलेला फोटो. बैलात गैर काहीच नाही, पण जेडी पाठवणाऱ्याला माणसाचा चेहरा दिसलेला बरा. विश्रामबागेतल्या स्टुडिओत साध्या पांढऱ्या पडद्यापुढं एक फोटो काढून घेतला आणि तोच सगळीकडं लावला. स्टेटस फक्त आपल्या कॉन्टॅक्टना दिसेल असं ठेवलं. यात लक्षात ठेवायचं एवढंच की एचआरचा नंबर आपण सेव्ह केला की तीही कॉन्टॅक्ट झाली. माझ्या एका मित्रानं इंटरव्ह्यूला 'तब्येत बरी नाही' सांगून तारीख पुढं ढकलली आणि त्याच दिवशी महाबळेश्वरचं स्टेटस ठेवलं. त्याला पुढची तारीख मिळालीच नाही.

आता फेसबुक. खरं काम इथं होतं, आणि ते सेटिंगचं नव्हतं.

स्वतः टाकलेलं आवरायला फार वेळ लागत नाही. जुन्या पोस्ट एका फटक्यात 'फ्रेंड्स'पुरत्या करायचं बटण प्रायव्हसीत आहे. २०२० पासून ॲक्टिव्हिटी लॉगमधून वर्षवार निवडून पोस्ट अर्काइव्ह करता येतात किंवा ट्रॅशमध्ये टाकता येतात, ट्रॅशमधलं ३० दिवसांनी कायमचं जातं. मी ट्रॅशच्या वाटेला गेलो नाही. अर्काइव्ह केलं की आपल्याला दिसतं, इतरांना नाही. पुढं कधी पोरांना दाखवावंसं वाटेल. सध्याचा कव्हर फोटो मात्र सगळ्यांना दिसतोच, तो लपवता येत नाही, त्यामुळं तो बदलला. हे सगळं झाल्यावर बाहेरच्याला आपलं प्रोफाइल कसं दिसतं ते 'व्ह्यू ॲज' मधून बघितलं. आणि बघतो तर काय, मी टाकलेलं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, पण मी भरपूर दिसत होतो.

कारण आपल्याकडं माणसाचं प्रोफाइल तो एकटा थोडाच भरतो? मंडळ भरतं, भाऊबंद भरतात, वाढदिवसाचे फ्लेक्स भरतात. २०२४ च्या लोकसभेला सांगलीतून अपक्ष विशाल पाटील निवडून आले. त्या निवडणुकीत आमच्या गावातल्या प्रत्येक गटानं प्रत्येक पाटलाला टॅग केलं. मी कुणाला मत दिलं हे माझ्या बायकोलाही माहीत नाही, पण फेसबुकवर मी एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या प्रचारफेरीत होतो.

सगळ्यात अवघड होता तो फ्लेक्स. गावात ज्याला सगळे 'भाऊ' म्हणतात अशा एका तरुण नेत्याचा वाढदिवस, मधोमध त्याचा गॉगल घातलेला मोठा फोटो, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. तिसऱ्या ओळीत मी. फ्लेक्स उतरून वर्षं झाली, त्याचं कापड कुणाच्या तरी गोठ्यावर असेल, पण त्याचा फोटो फेसबुकवर पब्लिक होता, खाली नावानिशी टॅग. मधल्या काळात त्या नेत्यावर गुन्हा दाखल झाला होता. टॅग काढला तर आपल्या प्रोफाइलवरून पोस्ट जाते, पण पोस्ट तिथंच राहते, आणि फोटोत छापलेलं नाव तर राहतंच. म्हणजे ज्यानं टाकलंय त्यालाच सांगायला हवं. टाकलं होतं बापूनं. बापू माझा शाळेपासूनचा मित्र.

हरिपूरला संगमावर गेलो होतो तेव्हा विषय काढला.

"भावाचा बॅनर काढायचा म्हणतोस?" बापूचा चेहराच उतरला. "मर्दा, लोकं काय म्हणतील? केस पडली म्हणून पळाला म्हणतील."

त्याचं खरं होतं. तिथून पोस्ट गायब होणं म्हणजे बाजू बदलणं, आणि गावात ते लगेच मोजलं जातं. अर्धा तास आम्ही दोघं गप्प भडंग खात बसलो. मग मला सुचलं. म्हटलं, काढू नको. नुसतं पब्लिकचं फ्रेंड्स कर. गावातल्या सगळ्यांना दिसेल, भाऊलाही दिसेल. फक्त पुण्यातल्या माणसाला दिसणार नाही.

"एवढंच व्हय?" म्हणून त्यानं तिथंच मोबाइल काढला. पुढं ज्याला ज्याला सांगायचं होतं त्याला मी हेच सांगितलं. काढ म्हटलं की माणूस दुखावतो, दारं थोडी ओढून घे म्हटलं की ऐकतो. वरातीत नाचतानाचा माझा एक व्हिडिओ होता. मूळचा टिकटॉकवरचा. ते २०२० च्या जूनमध्ये बंद झालं, पण कुणीतरी तो यूट्यूबवर चढवून ठेवला होता. यूट्यूबकडं प्रायव्हसीची तक्रार करता येते, ते अपलोड करणाऱ्याला ४८ तासांची मुदत देतात. पण तो पोरगा आमच्याच वाड्यातला. त्याच्याविरुद्ध तक्रार करायची आणि संध्याकाळी त्याच्याच टपरीवर चहा प्यायचा, हे जमणारं नव्हतं. त्यालाही तेच सांगितलं, त्यानं 'अनलिस्टेड' केलं. गुगलच्या निकालात जुनं शीर्षक तरीही दिसत राहिलं. कालबाह्य झालेला मजकूर ताजा करा अशी विनंती करायचं गुगलचं एक पान आहे, तिथं लिंक भरल्यावर काही दिवसांत तेही गेलं.

राहिले काका. काका निवृत्त मुख्याध्यापक. रोज सकाळी देशाच्या स्थितीवर एक पोस्ट लिहितात आणि तिला घरातल्या सगळ्यांना टॅग करतात, हजेरी घेतल्यासारखं. काकांना 'टॅग करू नका' म्हणायची माझ्या वडिलांचीही हिंमत नाही. मी टाइमलाइन रिव्ह्यू चालू केला. आता कुणी टॅग केलं की आधी माझ्याकडं मंजुरीला येतं, मी मंजूर करेपर्यंत माझ्या प्रोफाइलवर दिसत नाही, आणि टॅग करणाऱ्याला तसा निरोपही जात नाही. झकास चाललं होतं. पण काका मुख्याध्यापक होते. आठवड्याभरात घरी आले.

"तुझ्या पानावर आमचं काही दिसत नाही रं हल्ली."

मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, काका, दुसरी नोकरी बघतोय, कंपनीवाले फेसबुक बघतात, राजकारणाचं नको वाटतं त्यांना.

"मग आधी सांगायचं की!" काकांना राग आला नाही, आनंद झाला. त्यांनी त्याच दिवशी दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले, पारावर सांगितलं, दूध घालायला गेले तिथं सांगितलं. लिंक्डइनवर माझ्या कंपनीला कळू नये म्हणून मी दहा सेटिंगं तपासत बसलो होतो, आणि आमच्या स्टोअरचा माणूस आमच्याच गावचा. सोमवारी प्लांट हेडनी केबिनमध्ये बोलावलं.

"काय पाटील, पुण्याला निघालाय म्हणं?"

"बघतोय साहेब. अजून काही ठरलेलं नाही."

"ठरलं की वेळेत सांगा. पावसाळ्यात सोडून जाऊ नका एवढंच." एवढ्यावर विषय संपला. साहेब चांगले होते म्हणून संपला. ज्याचे साहेब तसे नसतील त्यानं आपल्या काकांना सगळ्यात शेवटी सांगावं.

काय काढायचं यापेक्षा काय ठेवायचं यावर माझा जास्त विचार झाला. इंटरनेटवर सल्ला देणारे म्हणतात की मतं दिसतील असं सगळं पुसून टाका. मला ते पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. त्या दिवसांत आम्ही पोरं बोटीतून माणसं काढत होतो, आणि रात्री फोन चार्ज करायला मिळाला की मी लिहीत होतो. कुठल्या गल्लीत किती लोक अडकलेत, पाण्याच्या बाटल्या कुठं पोचल्या नाहीत, आणि प्रशासन कुठं कमी पडलं. त्या पोस्टमध्ये राग आहे, शिवी नाही, खोटं नाही. त्या मी पब्लिकच ठेवल्या. हे वाचून ज्याला मला घ्यायचं नसेल त्यानं घेऊ नये.

२०१६ च्या मूक मोर्चाचे फोटो मात्र 'फ्रेंड्स'पुरते केले. लाज वाटली म्हणून नाही. मुलाखतीत जात, धर्म, पक्ष विचारायचं कुणाला काही कारण नाही, मग न विचारता तो तपशील ताटात वाढून कशाला द्यायचा? आडनावावरून जे कळायचं ते कळतंच. माझ्या एका मित्राच्या मेल आयडीतच 'रॉयल' आणि '९६के' होतं. त्याला म्हटलं, अरे, तू अर्ज करतोयस की सोयरीक जमवतोयस? त्यानं नवीन आयडी काढला, पण जुन्यावर आलेला एक इंटरव्ह्यू कॉल त्याला महिन्याभरानं दिसला. तेव्हा आयडी बदलायचा असेल तर जुन्याची मेल नव्याकडं वळवून ठेवावी.

ट्विटरवर मी लिहीत नाही, नुसतं वाचतो. आता त्याला एक्स म्हणायचं. २०२४ च्या जूनपासून तिथले आपले लाइक, ज्याची पोस्ट तो सोडून, दुसऱ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यात वेळ घातला नाही. इन्स्टाग्राम प्रायव्हेट केलं, संपलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सल्ल्यात नव्हती, आणि आमच्या धंद्यात ती सगळ्यात घातक. खंडेनवमी. त्या दिवशी शॉप फ्लोअरवर मशिनची पूजा होते, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पेढे, आणि एरवी बंदी असलेले मोबाइल बाहेर निघतात. सगळे डिपार्टमेंटनिहाय फोटो काढतात आणि टाकतात. एका सहकाऱ्यानं टाकलेल्या फोटोत मी सीएमएम या मापं घ्यायच्या मशिनशेजारी हार घेऊन उभा होतो, आणि मागं फळ्यावर कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबरसकट. फोटो मोठा केला की मापं वाचता येत होती. क्वालिटीच्या माणसाच्या प्रोफाइलवर दुसऱ्या कंपनीच्या क्वालिटी हेडनं हे बघितलं तर तो काय समजेल? उद्या माझंही ड्रॉइंग असंच बाहेर जाईल. इथं मात्र मी 'फ्रेंड्स' वगैरे तडजोड केली नाही. सहकाऱ्याला दाखवलं, तोही चरकला, फोटो पूर्ण काढला.

लिंक्डइनवर हिरव्या गोलातला 'ओपन टू वर्क' मी लावला नाही. तो लावला की तमाम जगाला दिसतो. त्यातच दुसरा पर्याय आहे, फक्त रिक्रूटरना दाखवा. आपल्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण खात्री देत नाहीत, हे तिथंच लिहिलेलं आहे. नोकरी डॉट कॉमवर आपली कंपनी ब्लॉक करता येते. पण सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात कन्सल्टंट मोजके आणि सगळे सगळ्या मालकांच्या ओळखीचे, कंपनी ब्लॉक केली तरी कन्सल्टंट कसा ब्लॉक करणार? त्यामुळं ज्यांच्याशी बोललो त्यांना आधी सांगितलं की मला विचारल्याशिवाय सीव्ही कुठंही पाठवू नका. व्हॉट्सॲपवरच्या जॉब ग्रुपमध्ये नुसतं वाचत राहिलो, कारण आमच्या कंपनीची एचआरही जागा टाकायला त्याच ग्रुपमध्ये होती. लिंक्डइन प्रोफाइलमध्ये बदल करण्याआधी 'बदल नेटवर्कला कळवा' हे बटण बंद केलं. दहा वर्षांत हात न लावलेलं प्रोफाइल एका रात्रीत चकचकीत झालेलं दिसलं की ऑफिसात कुणालाही अर्थ कळतो.

तिथं नावाखालच्या हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. तिथं नुसतं पदनाम न ठेवता कामाचे शब्द घातले: फौंड्री क्वालिटी, आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर, पीपीएपी (कस्टमरकडून पार्टची मंजुरी), ८डी, कास्टिंग रिजेक्शन. रिक्रूटर हेच शब्द टाकून शोधतात. 'अबाउट'चा मजकूर आधी एआयकडून लिहून घेतला होता. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, हा मजकूर मला या आठवड्यात पाच जणांनी पाठवलाय, फक्त नावं वेगळी आहेत. मग स्वतः साध्या इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या.

पोस्ट लिहावी की नाही यावर बरेच दिवस अडलो होतो. लिंक्डइनवर लोक लिहितात ते वाचून मला थोडं अवघडायला होतं. टपरीवाल्याकडून नेतृत्वगुण शिकलो वगैरे मला लिहिता येणार नाही. पण पावसाळा सुरू होता आणि आमच्याकडं दरवर्षीप्रमाणं ब्लो होलचं रिजेक्शन वाढलं होतं. कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात वाळूचे कोअर बसवतात. दमट हवेत ते ओल धरतात, वितळलेला धातू ओतला की त्या ओलीची वाफ होते, आणि ती बाहेर पडायला जागा नसली की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. यावर कोअर किती वेळ उघडे ठेवायचे, साठवायच्या खोलीत काय करायचं, वाळूची ओल दिवसातून कितीदा तपासायची, हे मी लिहिलं. कंपनीचं नाव नाही, कस्टमर नाही, फोटो नाही, आमचे आकडेही नाहीत. एकदा इंग्रजीत लिहिलं, त्याला थोडे लाइक आले. तेच चार दिवसांनी मराठीत लिहिलं, जसं शॉपवर बोलतो तसं. खाली शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, बेळगाव असे सगळीकडचे फौंड्रीवाले येऊन भांडायला लागले. एक म्हणाला वाळूचा दोष नाही, तुमचा व्हेंटच, वाफ बाहेर जायची वाटच, चुकतेय. दुसरा म्हणाला कोअर पेंट नीट वाळवत नाही तुम्ही लोक. मी उत्तरं देत गेलो. जिथं त्यांचं बरोबर होतं तिथं बरोबर म्हटलं.

हालचाल दिसायला लागली तसे ठगही आले. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत निवड झाली आहे, रजिस्ट्रेशन आणि लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, उद्या ऑफर लेटर. लोगो खरा, मेल आयडी जीमेलचा. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा माणूस खरा नसतो, एवढं धरून चाललं की पुरे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. सीव्हीवर घराचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख आणि आधार नंबर टाकायची काही गरज नसते, मी फक्त 'सांगली' ठेवलं.

आता वहिनींच्या त्या तारखा. पीएफचा यूएएन नंबर दिला की बॅकग्राउंड तपासणीवाल्यांना आपण कुठं कधी लागलो आणि कधी सोडलं ते कळतं. माझ्या आधीच्या कंपनीनं मला ट्रेनी म्हणून आठ महिने पीएफशिवाय ठेवलं होतं. सीव्हीवर ते महिने धरलेले, पीएफमध्ये नाहीत, आणि लिंक्डइनवर तर नुसतं वर्ष. उमंग ॲपवर सर्व्हिस हिस्ट्री काढून तिन्ही ठिकाणच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या, ट्रेनीचा काळ वेगळा दाखवला, आणि त्याचं जुनं पत्र कपाटातून शोधून स्कॅन करून ठेवलं. तपासणीत त्यांनी नेमकं तेवढंच विचारलं. पत्र पाठवलं, दुसऱ्या दिवशी हिरवा कंदील.

मुलाखत चाकणच्या एका कंपनीत झाली. जायच्या आधी मुलाखत घेणाऱ्यांची लिंक्डइन प्रोफाइलं प्रायव्हेट मोड लावून बघितली. साधं खातं असेल तर त्या काळात आपलं प्रोफाइल कोण बघतंय तेही दिसत नाही, म्हणून बघून झाल्यावर पुन्हा होतं तसं केलं. क्वालिटी हेड सुरुवातीलाच म्हणाले, ते पावसाळ्याचं तुम्हीच लिहिलंय ना? पुढचा पाऊण तास ब्लो होलवरच गेला. माझी ताकद काय आणि कमजोरी काय, हे विचारायला कुणाला वेळ झाला नाही.

रुजू झाल्यावर महिन्याभरानं कँटीनमध्ये तिथल्या एचआरला विचारलं, मॅडम, माझं फेसबुक बघितलं होतं का तुम्ही? त्या हसल्या. म्हणाल्या, नाही हो. मराठी पोस्टखाली तुमच्याशी भांडणारे एक जण आमच्या सप्लायरकडं आहेत, त्यांना फोन लावला होता. म्हणजे बापूची, काकांची आणि वाड्यातल्या त्या पोराची मनधरणी फुकट गेली म्हणायची. बापूला हे अजून सांगितलेलं नाही.

नवी कंपनी लिंक्डइनवर टाकायला मी कन्फर्मेशनचं पत्र हातात पडेपर्यंत थांबलो. टाकलं तेव्हा नेटवर्कला कळवायचं बटण मुद्दाम चालू ठेवलं. पहिलं अभिनंदन कुपवाडच्या साहेबांचं आलं, आणि त्याखाली त्यांचा मेसेज: तुमच्या जागेवर कुणी चांगला माणूस असेल तर कळवा. रविवारी घरी गेलो की टॅगची रांग मोकळी करतो. बारशाचे, लग्नाचे, यात्रेचे मंजूर करतो. काकांच्या पोस्ट अजून रिव्ह्यूतच पडून असतात, आणि ते त्यांना माहीत आहे.